वांगं खाण्याच्या लायकीचं आहे का? आपापले अनुभव लिहा (अनुभव धागा)

रानमेथी
चंपाषष्ठी झाली, म्हणजे आता वांग्याला घरात कुणाची ना नाही, निदान कागदोपत्री तरी. प्रत्यक्षात आमच्याकडे दोन पार्ट्या आहेत. सासरे आणि मी भरली वांगी असली की एक भाकरी जास्त खाणारे, नवरा आणि लेक ताट बघूनच 'आज काहीतरी मागवूया का' म्हणणारे. नवऱ्याचं म्हणणं, वांग्याला स्वतःची चव नसते, सगळी करामत कुटाची आणि गोड्या मसाल्याची, मग तोच मसाला बटाट्यात भरा की! मला हे शंभर टक्के चूक वाटतं पण मुद्देसूद काही बोलता येत नाही, नुसतीच चिडचिड होते.
तर मंडळी, तुम्ही वांगं खाता का, खात असाल तर कुठलं आणता, कसं करता, नसाल खात तर का नाही, सगळं लिहा. ग्रॅम-मिलीलिटर नको, अंदाजपंचे चालेल. 'गुगल करा' म्हणणाऱ्यांनी दुसऱ्या धाग्यावर जावे.

खटपट्या
मी कॉलेजात असताना कट्टर वांगंविरोधी होतो, आणि त्याला कारण आमची मेस. नाव नको, पण सदाशिव पेठेत राहिलेल्यांना अशी एक तरी मेस आठवेलच. वांगं-बटाटा रस्सा आठवड्यातून निम्मे दिवस, रश्श्यात साल एकीकडे तरंगतंय, गर विरघळून गेलाय, आणि दाताखाली नुसत्या कडवट बिया. पुढे स्वतः मंडईत जाऊन भाजी आणायला लागलो तेव्हा कळलं की ती जून वांगी होती, ढिगात सगळ्यात स्वस्त पडणारी. वांगं जून झालं की बी टणक होतं, कडवटपणा त्यातच असतो, वरून कितीही मसाला ओता. कोवळं वांगं ओळखायचं म्हणजे साल तुकतुकीत हवी, देठ हिरवागार आणि काटे टोचणारे हवेत (देठ वाळून तपकिरी झाला असेल तर सोडून द्या), आणि अंगठ्याने हलकं दाबलं की खड्डा परत भरून यायला पाहिजे. आणि त्याच आकाराची दोन वांगी हातात घेऊन जे हलकं लागेल ते घ्यायचं, जड असेल त्यात बी जास्त. भाजीवाला वैतागतो, वैतागू द्या.

तापीकाठचा
रानमेथीताई, तुमच्या मिस्टरांना एकदा जानेवारीत आमच्या चिंचवडला पाठवा. इथे निम्मा खान्देश राहतो आणि हिवाळ्यात भरीत पार्टी झाली नाही असा रविवार क्वचितच जातो. वांगी गावाहून येतात, बसने नाहीतर कुणाच्या तरी गाडीच्या डिकीत. जळगावचं भरिताचं वांगं म्हणजे तुमचं जांभळं नव्हे, फिकट हिरवं, त्यावर पांढरट रेघा, चांगलं मोठं आणि बी अगदी कमी. २०१६ मध्ये त्याला भौगोलिक मानांकनही मिळालंय, आम्हाला ते आधीपासून माहितीच होतं म्हणा.
आता कृती. गावाकडे कपाशीच्या नाहीतर तुरीच्या काड्यांचा जाळ करतात आणि त्यात वांगी टाकतात. काड्यांचा जाळ भडकून लवकर बसतो, साल करपते, आतला गर स्वतःच्याच पाण्यात शिजतो आणि धुराचा वास लागतो तो गॅसवर येत नाही, उगाच खोटं कशाला सांगू. भाजून झालं की लगेच सोलायचं नाही, झाकून ठेवायचं, मग साल आपोआप सुटते. सोललेला गर लाकडी भांड्यात मुसळाने ठेचायचा. मिक्सर लावणाऱ्याशी मी बोलत नाही. हिरव्या मिरच्या आणि लसूण तेलात परतून ठेचून घ्यायचे, तेलातच शेंगदाणे अख्खे तळायचे, मग भरपूर कांद्याची पात, ठेचलेला गर, मीठ, वरून कोथिंबीर. एवढंच. हळद नाही, लाल तिखट नाही, टोमॅटो तर अजिबातच नाही. बरोबर कळण्याच्या पुऱ्या किंवा भाकरी, म्हणजे ज्वारीत उडीद घालून दळलेलं पीठ. यात मसाल्याची करामत कुठे आहे ते मिस्टरांनी दाखवून द्यावं.

शंकासुर
वरचं सगळं वाचून तोंडाला पाणी सुटलं पण आमच्या भाड्याच्या फ्लॅटमध्ये फक्त इंडक्शन आहे. काड्यांचा जाळ सोसायटीच्या पार्किंगमध्ये लावला तर सेक्रेटरी मलाच भाजतील.

अर्धाकप
@शंकासुर, एअर फ्रायर किंवा ओव्हन असेल तर वांग्याला सुरीने चार-सहा ठिकाणी टोचा (नाहीतर आत वाफ कोंडून फुटतं, मग आतून पुसत बसा), तेलाचा हात फिरवा आणि २०० डिग्रीला ठेवा, दाबल्यावर पूर्ण बसेपर्यंत. धुराच्या वासासाठी छोट्या वाटीत पेटता कोळसा भरताच्या मध्ये ठेवून त्यावर तुपाचे दोन थेंब आणि लगेच झाकण. काड्यांच्या जाळाची सर नाही येत पण निभतं.
बाकी माझे मुद्दे, बरीच वर्षं करून बघितलेले. वांग्याच्या गरात हवाच जास्त, त्यामुळे कच्च्या फोडी तेलात टाकल्या की स्पंजसारखं तेल पितात, आणि मग लोक म्हणतात वांगं तेलकट. फोडींना आधी मीठ लावून पंधरा-वीस मिनिटं ठेवा नाहीतर दोन मिनिटं वाफवून घ्या, गर बसतो, निम्म्या तेलात काम होतं. दुसरं म्हणजे चिंच. भरल्या वांग्यात सुरुवातीलाच चिंचेचा कोळ ओतला की वांगी शिजता शिजत नाहीत, आंबट पदार्थाने भाजी मऊ व्हायला वेळ लागतोच, त्यामुळे वांगं शिजल्यावर चिंच-गूळ घाला आणि एक उकळी काढा. टोमॅटोचंही तेच. तिसरं, फ्रिज. वांग्याला साधारण १० डिग्रीच्या खालची थंडी सोसत नाही, आतल्या बिया काळ्या पडतात, सालीवर खड्डे पडतात. दोन दिवसांत खाणार असाल तर बाहेर टोपलीत ठेवा. चिरल्यावर पाण्यात टाकायचं ते काळं पडू नये म्हणून, आणि ते पाणी मिठाचं असलं तर उत्तमच.

गाडीतळ_हडपसर
आमची हडपसरजवळच्या मांजरी गावाच्या बाजूला थोडी शेती होती, आता तिथे टॉवर उभे राहिलेत, पण मांजरी गोटा वांग्याचं नाव आमच्या मांजरीवरूनच पडलंय हे पुण्यात वाढलेल्या पोरांना सांगावं लागतं. गोल, जांभळट गुलाबी, वर पांढरे पट्टे, आणि काटे असे की तोडणीला हातमोजे नसले तर संध्याकाळी जेवताना बोटं झोंबतात. भरून करायला याच्यासारखं वांगं नाही, आणि तोडल्यावर चार-पाच दिवस चव टिकते.
एक सांगतो, किडक्या वांग्याबद्दल लोकांचा मोठा गैरसमज आहे. भोक दिसलं म्हणजे अळी आत आहे असं नाही बरं का, मोठं भोक हे बहुतेक अळी बाहेर पडल्याचं असतं! पतंग फळावर, पानावर अंडी घालतो, अळी बारीक असतानाच आत शिरते आणि ते शिरायचं भोक भरून येतं, वरून वांगं एकदम चकाचक. म्हणून बिनभोकाचं घेतलं तरी चिरून बघितल्याशिवाय भरायचं नाही. देठ ठेवून खालून चार चिरा द्या आणि प्रत्येक पाकळी उघडून बघा, काळपट भुगा दिसला की समजायचं. हीच अळी कोवळे शेंडेपण पोखरते, शेंडा मान टाकतो, तो खुडून नष्ट करावा लागतो. या एका अळीपायी वांग्यावर किती फवारे जातात ते शेतकऱ्यालाच माहिती. बीटी वांग्याचा (म्हणजे जनुक बदललेल्या वांग्याचा) सगळा खटाटोप याच अळीसाठी होता, फेब्रुवारी २०१० मध्ये जयराम रमेश पर्यावरण मंत्री असताना त्याला स्थगिती मिळाली, बांगलादेशाने २०१३ मध्ये परवानगी दिली. त्यावर इथे भांडण नको, त्याला वेगळा धागा काढा. एवढंच म्हणतो की वांगी वाहत्या पाण्याखाली चोळून धुवा, देठाच्या टोपीखाली बोट घालून.

आजोळची_चव
गाडीतळ, अळीवरून आठवलं. आमची आजी चातुर्मासात वांग्याला हात लावायची नाही, आषाढात कांदेनवमीला कांद्याची भजी आणि भरीत असं पोटभर खाऊन जे बंद, ते थेट मार्गशीर्षात चंपाषष्ठीला खंडोबाला भरीत-रोडग्याचा नैवेद्य दाखवूनच सुरू. जेजुरी कुलदैवत, त्यामुळे सूट नाही. पावसाळ्यात किडतात म्हणून सोडतात असं ती सांगायची, धर्म किती आणि व्यवहार किती हे तिचं तिलाच ठाऊक. पण इतके महिने थांबल्यावर त्या पहिल्या भरताला बाजरीच्या रोडग्याबरोबर जी चव लागते ती बारमाही खाणाऱ्यांना नाही कळायची.

कोकणकन्या
खान्देशी मंडळींचा आदर राखून सांगते, भरीत दह्यातलं! भाजलेलं वांगं कुस्करून गार होऊ द्यायचं, मग कच्चा कांदा, मिरची, मीठ, चिमूटभर साखर आणि गोडसर घट्ट दही, वरून हिंग-मोहरीची चुरचुरीत फोडणी. गरम गरात दही घातलं की पाणी सुटतं, तेवढं सांभाळा. सिंहगडावर पिठलं-भाकरीबरोबर भरीत आणि मडक्यातलं दही दोन्ही मिळतं, तिथे मी दोन्ही एकत्र करून खाते, समोरच्या मावशी बघत राहतात.
आणि वांगं आवडत नाही म्हणणाऱ्या मुलांना काप द्या. मोठ्या वांग्याच्या बोटाच्या निम्म्या जाडीच्या चकत्या, मीठ, हळद, तिखट आणि थोडं आंबट लावून ठेवायच्या, मग रवा आणि तांदळाच्या पिठात घोळवून तव्यावर. मंद आचेवर हं, घाई केलीत की बाहेर खरपूस आणि आत चामडं. आमच्याकडे मासे नसतील त्या दिवशी हेच ताटात. आणि सोडे (सुकी कोळंबी) घालून केलेलं वांगं खाल्लं नसेल तर तुमच्या मिस्टरांचं मत मी ग्राह्यच धरत नाही.

खटपट्या
सोडे +१. सुकट-वांगंसुद्धा.

नकोच_ते
माझं मत विरोधी, पण कारण वेगळं. वांगं खाल्लं की जिभेला आणि घशाला खाज सुटते, ओठ जड होतात. लहानपणी सगळे म्हणायचे नाटकं करते, 'सवय झाली की जाईल'. शेवटी डॉक्टरांनीच बंद करायला सांगितलं, अशी ॲलर्जी काही लोकांना असते म्हणे. तेव्हा पाहुण्याने वांगं नको म्हटलं तर कृपया 'आमच्या हातचं खाऊन तर बघा' करू नका. लग्नाच्या पंगतीत वाढपी ऐकतच नाहीत.

अर्धाकप
@नकोच_ते, अगदी बरोबर, त्यात आग्रह नकोच. ज्यांना त्रास नाही त्यांच्यासाठी: वांग्यात नव्वद टक्क्यांच्या वर पाणी, कॅलरी १०० ग्रॅमला जेमतेम पंचवीस, थोडा चोथा. फार पौष्टिक म्हणून मिरवू नये आणि 'त्यात काहीच नसतं' म्हणून हिणवूही नये. कॅलरी वाढतात त्या तेला-कुटाने.

रानमेथी
वा, काय एकेक लिहिताय! नवऱ्याला वाचून दाखवलं, तो म्हणतो दह्यातलं चालेल, बटाट्याचा मुद्दा कायम. @आजोळची_चव, संक्रांतीच्या भोगीच्या भाजीत पण वांगं असतंच ना, ते कसं मऊ होऊनही फोडी राहतात तुमच्याकडे? माझ्याकडे गाजर कच्चं आणि वांग्याचा लगदा.

आजोळची_चव
एकाच वेळी सगळं टाकत असशील गं. आधी पावटे, हरभरे, मटार, गाजर, ते निम्मं शिजलं की मग वांग्याच्या मोठ्या फोडी. कुकर नको, कढईवर झाकण, झाकणात पाणी, तेच गरम पाणी लागेल तसं भाजीत. तिळाचा कूट सगळ्यात शेवटी, गॅस बंद करायच्या जरा आधी. वांग्याला तीळ फार मानवतो, लेबनॉनकडे भाजलेल्या वांग्यात तिळाचंच वाटण घालतात, फोडणीचं तेवढं त्यांना सुचलं नाही.

शंकासुर
एअर फ्रायरमध्ये केलं, चांगलं झालं, पण एकट्याला फार झालं. उरलेल्या भरताचं काय करू?

तापीकाठचा
उरतं?? बरं, थालीपीठ. भाजणीत भरीत घालून मळ, पाणी घालू नकोस, गराचं ओलंच पुरतं, कमी पडलं तर हात ओला कर. तव्यावर थापलं की मध्ये भोक पाडून त्यात तेल सोड. लोणी असेल तर उत्तम. नसेल तर शेजारी माग, पुण्यात असलास तरी देतील.