एसी बसवणाऱ्यांनी भर दुपारी गच्चीवर चढावं का?

फ्लेअरनट
मागच्या आठवड्यात आमच्याकडचा नवा मुलगा गच्चीवर आउटडोअर युनिटचा ब्रॅकेट बसवत होता. कामाचा तिसराच दिवस, वेळ साडेबाराची. मी विचारलं, "बोल्ट आवळलेस का?" तर तो भलतंच बोलायला लागला. हातात पाना असून पाना शोधत होता. अंगाला दरदरून घाम होता, म्हणून सोबतचा म्हणाला, "पाणी पिऊन बसेल जरा, होईल ठीक." मी ऐकलं नाही. सावलीत आणलं, पाइपचं पाणी डोक्यापासून पायापर्यंत ओतत राहिलो, रुग्णवाहिका येईपर्यंत थांबलो नाही. मुलगा वाचला.

त्या दिवशीच्या यादीत सहा जोडण्या होत्या. माझं म्हणणं असं की कडक उन्हाळ्यात १२ ते ४ गच्ची, पत्र्याखालचा माळा आणि भिंतीबाहेरचं काम पूर्ण बंद ठेवावं. माळ्यावर तर ऊन लागत नाही म्हणून लोक बेफिकीर असतात. तिथे वारा नसतो आणि वरचा पत्रा तव्यासारखा तापलेला असतो. एसीची क्षमता बाहेर ३५ अंश तापमान धरून मोजतात आणि त्यापुढे ती कमी होते, हे आपण ग्राहकाला समजावतो. चढणाऱ्या माणसाचं काय होतं ते कोणाला समजावतो?

ठेकेदार
मुलगा वाचला हे वाचून जीव भांड्यात पडला. तरी सरसकट बंदी मला पटत नाही. यादी फक्त हावेपोटी फुगत नाही. उष्णतेच्या लाटेत फोन करणाऱ्यांत अंथरुणाला खिळलेले म्हातारे असतात, तान्ही बाळं असतात. त्यांना "उद्या या" म्हणायचं? शिवाय दुपार गेली की काम अंधारात जातं. थकलेला माणूस, शिडी, खांद्यावर तीस-चाळीस किलोचं युनिट आणि अपुरा उजेड, हे कमी धोक्याचं नाही. सकाळी सहाला भिंतीला भोक पाडू देणारे शेजारीही दाखवा.

जुना_फिटर
२२ वर्षं उन्हात काम केलंय. अंगाला सवय लागते. पहिल्याच आठवड्यात जपलं की पोरं कायम कच्ची राहतात.

कारखाना_परिचारिका
सवय लागते हे खरं. १ ते २ आठवड्यांत घाम लवकर आणि जास्त सुटू लागतो, त्यातून मीठ कमी जातं, नाडीही तितकी धावत नाही. पण तुम्ही निष्कर्ष उलटा काढताय. ती सवय लागेपर्यंतच माणसं मरतात. अमेरिकेत उष्णतेने झालेल्या कामगार-मृत्यूंत बहुतेक पहिल्या आठवड्यातले निघाले. म्हणून तिथल्या नायॉश या कामगारांच्या सुरक्षिततेवर संशोधन करणाऱ्या सरकारी संस्थेची शिफारस आहे की नव्या माणसाला पहिल्या दिवशी उन्हातलं काम २० टक्केच द्यावं आणि रोज २० टक्क्यांहून जास्त वाढवू नये. मुरलेला माणूस खंड पडून परतला तर ५०, ६०, ८० टक्के आणि चौथ्या दिवशी पूर्ण. आठवडाभर सुट्टी घेतली तरी सवय उतरायला लागते, तेव्हा हे तुम्हालाही लागू आहे, दादा.

घामाबद्दल कळकळीने सांगते. कष्टाच्या कामात उष्माघात झालेल्याला घाम असू शकतो. "घाम येतोय म्हणजे धोका नाही" या समजुतीने जीव जातात. बोलण्यात गोंधळ, तोल जाणं, चिडचिड दिसली की आधी थंड करा, मग हलवा. फ्लेअरनट यांनी तेच केलं. पाणी दर १५-२० मिनिटांनी पेलाभर, तहान लागायच्या आधी. पण तासाला १.४ लिटरच्या वर नको, रक्तातलं सोडियम उतरतं.

घड्याळाच्या बंदीवर मात्र माझा विश्वास कमी. दमट हवेत संध्याकाळी सहालाही घाम वाळत नाही. ओल्या फडक्याचा तापमापक, ऊन मोजणारा काळा गोळा आणि साधा तापमापक मिळून उष्णतेच्या ताणाचा जो आकडा काढतात, त्यात ७० टक्के वजन ओल्या फडक्याचं असतं. कतारने २०२१ मध्ये दोन्ही ठेवलं: १ जून ते १५ सप्टेंबर सकाळी १० ते दुपारी ३:३० उघड्यावरचं काम बंद, आणि हा आकडा ३२.१ अंशांच्या वर गेला तर केव्हाही बंद.

नगावर_काम
मला नगावर पैसे मिळतात. चार तास बंद म्हणजे दोन जोडण्या गेल्या. भरपाई नसेल तर मी लपून चढेन. माझ्यासारखे सगळेच चढतील.

सावलीत बसायला वेळ हवा असेल तर तो कामातच आहे. पाइप जोडून त्यातली हवा आणि ओल खेचून काढणारा व्हॅक्यूम पंप लावला की अर्धा तास तरी तो चालायला हवा. तेवढ्यात माणूस खाली येऊन बसू शकतो. पण घाईत लोक पंपच लावत नाहीत, थोडा गॅस सोडून हवा ढकलतात. त्यात एसीही बिघडतो आणि माणसाला टेकायलाही मिळत नाही.

फ्लेअरनट
घड्याळापेक्षा मोजमाप बरं, हे मान्य. पंपाचं तर माझ्या डोक्यातच नव्हतं, आणि रोज पंप लावतो मी! पण यादीवरून मी हटणार नाही. दिवसाच्या सहा जोडण्यांच्या पाच होईपर्यंत तो पंप कोणी अर्धा तास चालू देणार नाही. अंथरुणाला खिळलेल्यांचा नंबर आधी लावा, बाकीचे थांबतील.

ठेकेदार
एवढं जमेल: दुपारी आतलं युनिट, वायरिंग, पाणी जाण्याची नळी; बाहेरचं सकाळी किंवा उतरत्या उन्हात. नव्या माणसासोबत पहिले दोन आठवडे जुना माणूस कायम. काहींना दोनदा वेळ द्यावा लागेल, त्यांची बोलणी मी खाईन. विश्रांतीचे पैसे मात्र आज कबूल करत नाही. समोरचा ठेकेदार देत नसेल तर कामं त्याच्याकडे जातात.

नगावर_काम
मग बाकीचं सगळं माझ्या खिशातून होणार. व्हॅक्यूमचा अर्धा तास बिलात वेगळा लिहा. ग्राहक गॅसचे पैसे देतो, तसे याचेही देईल. विचारून बघितलंय का कधी?