विज्ञान दिनाच्या टेबलासाठी सामान हवं आहे

नमस्कार मंडळी,
भाषा दिन (२७ फेब्रुवारी) आणि विज्ञान दिन (२८) यंदा एकाच कार्यक्रमात उरकतोय. मुलांच्या टेबलावर सोडा-व्हिनेगरचा ज्वालामुखी ठेवू म्हणतेय. व्हिनेगर कोण आणेल?
– मराठी शाळेची ताई

*

ताई, ज्वालामुखी ठेवा, पण फेस ओसरला की पोरं पळतात समोशांकडे. वायू कुठला निघाला, हे कुणी विचारतच नाही. तो चुन्याच्या निवळीत सोडा की!

पानाचा पांढरा चुना चिमूटभर, पेलाभर पाण्यात ढवळून रात्रभर झाकून ठेवायचा. सकाळी वरचं नितळ पाणी अलगद ओतून घ्या. बाटलीत खायचा सोडा एक सपाट चमचा (साधारण ५ ग्रॅम) आणि व्हिनेगर ७० मिली. तोंडाला नळीचं बूच, नळीचं टोक निवळीत. बघता बघता निवळी दुधाळ होते, म्हणजे कार्बन डायऑक्साइडच. तसाच सोडत राहिलात तर ती पुन्हा नितळ होते! आधी कॅल्शियम कार्बोनेटचा साका धरतो, पुढे त्याचंच विरघळणारं बायकार्बोनेट होतं. दुसरी बाटली तयार ठेवा, एकीचा वायू कमी पडेल.

बाटलीला हात लावायला सांगा, गार लागेल. आणि झाकण लावून हलवायचा उद्योग कुणालाही करू देऊ नका. एवढ्याशा सोड्यातून सव्वा लिटरच्या वर वायू निघतो.
– निवृत्त रसायनवाले काका

*

काका, आमच्या ओट्यावर लिंबू सांडलं तिथे पांढुरका डाग पडलाय, काही केल्या जात नाही. ओटा संगमरवरी आहे. हाच प्रकार का?
खडू पण आणू का टेबलावर?

*

हाच. संगमरवर म्हणजे कॅल्शियम कार्बोनेट, लिंबातल्या आम्लाने त्याची चकाकीच खाल्ली. तो डाग नव्हेच, पुसून काय जाणार? पॉलिशवाल्याला बोलवा. आपल्याकडच्या शहाबादी फरशीचंही तेच, तोही चुनखडकच. ग्रॅनाइट असता तर लिंबाला दाद दिली नसती.

खडू नको. बरेचसे जिप्समचे असतात, त्यांना बुडबुडे येत नाहीत, आणि मुलांसमोर आपली फजिती. अंड्याची टरफलं आणा. शाकाहारी मंडळींनी हरकत घेतली तर शिंपले.

*

शिंपले आमच्याकडे बरणीभर आहेत, चुनाही आणते. पण निवळी डोळ्यांत उडाली तर? चष्मे कुणाकडे आहेत का? लहान मुलांच्या मापाचे हवेत.
– शाळेची ताई