आजोबांचं वेब्ले रिव्हॉल्वर, डीलर ३० हजार म्हणतोय, रास्त भाव कसा काढायचा?

किरण_कसबा
नमस्कार मंडळी. आमचे आजोबा आर्मीत होते, मागच्या वर्षी गेले. त्यांच्या लायसनवर एक वेब्ले रिव्हॉल्वर होतं, ते आम्ही रीतसर गन हाऊसमध्ये जमा केलंय, पावती आहे. घरात कोणालाच ठेवायचं नाहीये (आई तर विषय पण काढू देत नाही) म्हणून विकायचं चाललंय. पुण्यात कॅम्पातल्या एका डीलरने ३० हजार सांगितले, ते पण "तुमच्यासाठी म्हणून". आणि नेटवर बघितलं तर अमेरिकेत सेम मॉडेलला लोक ८००-९०० डॉलर मागतायत!! वर्ती मार्क ४ लिहिलंय, एका बाजूला "वॉर फिनिश" असा शिक्का आणि .३८ च्या पुढे १४५/२००. म्हणजे २०० पैकी १४५ वा नग ना? लिमिटेड एडिशन असेल तर हा माणूस सरळ सरळ गंडवतोय. काळा रंग कडांना उडालाय, विकायच्या आधी पॉलिश मारून घेऊ का?

जुनंपानं
पॉलिश अजिबात नको!! आधी हे वाचा आणि मग बाकीचं. जुन्या हत्याराची अर्धी किंमत त्याच्या मूळ फिनिशमध्ये असते, बफ मारला की कडा गोल होतात, शिक्के पुसट होतात आणि बघणारा जाणकार असेल तर हातात घेतल्या घेतल्या खाली ठेवतो. कडांना उडालेला रंग चालतो, होल्स्टरमध्ये वर्षानुवर्षं राहिलं की तसंच होतं.
१४५/२०० म्हणजे नग नंबर नाही हो. ते गोळीचं वजन आहे, ग्रेनमध्ये (गोळी तोलायचं छोटं माप). १४५ ग्रेनची आणि २०० ग्रेनची, दोन्ही काडतुसं या .३८ मध्ये चालतात एवढंच. लाखांनी बनलेल्या सर्व्हिस हत्यारांवर कसली आलीय लिमिटेड एडिशन. वॉर फिनिशचं पण तेच, दुसऱ्या महायुद्धात घाई होती, बर्मिंगहॅमच्या कारखान्याने नेहमीची गुळगुळीत पॉलिश सोडून दिली आणि खरखरीत माल बाहेर पडला, वर शिक्का मारून टाकला की बाबांनो हे युद्धकाळातलं आहे, आमच्या नेहमीच्या कामाशी तुलना करू नका. त्याने भाव वाढत नाही, उलट त्याच मॉडेलचं चांगल्या पॉलिशचं सिव्हिलियन किंवा पोलीस पीस असेल तर ते वर जातं. सिंगापूर पोलिसांसाठी सेफ्टी कॅचवाले बनवले होते, तसलं काही असेल तर मात्र गोष्ट वेगळी.
हे बघून सांगा: फ्रेम, नळी आणि सिलिंडर तिन्हीवर नंबर एकच आहे का, नळी पुढे दुमडून उघडून परत बंद केल्यावर वरची कडी घट्ट बसते का, घोडा पूर्ण मागे घेतल्यावर सिलिंडर हलतो का, आणि नळीत उजेड धरला तर आतले आटे (गोळीला फिरवणाऱ्या खाचा) स्वच्छ दिसतात की खड्डे पडलेत. (डीलरसमोर, त्यालाच रिकामं करून दाखवायला सांगा, स्वतः उघडझाप करत बसू नका.) होल्स्टर, लॅनयार्ड (मुठीला बांधायची दोरी), आजोबांच्या खरेदीचा कागद, युनिटचा उल्लेख असलेलं काहीही, ते सगळं वस्तूबरोबर ठेवा.

अॅड_स्वाती
जुनंपानं यांनी लोखंडाचं सांगितलं, मी कागदाचं सांगते, कारण आपल्याकडे भाव तिथे ठरतो. किरण, तुमचं .३८ आहे ना, नियमांत त्याला .३८० म्हणतात. .३८० आणि .४५५ ची रिमवाली (बुडाला कडा असलेली) काडतुसं ज्यात चालतात ती रिव्हॉल्वरं आपल्या शस्त्र नियमांत प्रोहिबिटेड बोअरमध्ये (साध्या लायसनवर न मिळणाऱ्या प्रकारात) येतात, कारण ती सर्व्हिसची काडतुसं. असलं लायसन पोलीस आयुक्तालयातून मिळत नाही, ते प्रकरण दिल्लीला गृहमंत्रालयात जातं. म्हणजे तुमचं गिऱ्हाईक कोण? ज्याच्याकडे आधीच ती परवानगी आहे असा माणूस. असे पुण्यात किती सापडणार? तोच डीलर .३२ वर खूप वेगळं बोलला असता, कारण .३२ साध्या लायसनवर घेता येतं, काडतुसं मिळतात, आणि १९८०च्या दशकाच्या मध्यापासून सिव्हिलियनसाठी बाहेरून हत्यारं येणं जवळजवळ बंदच झालं, त्यामुळे इंग्लंड-अमेरिकेची जुनी .३२ आपल्याकडे तिथल्यापेक्षा कितीतरी महाग विकली जातात. कानपूरचं सरकारी .३२ तर या वेब्लेवरूनच बेतलेलं आहे, तरी लोकांना "इम्पोर्टेड"च हवं असतं, ती हौस वेगळी.
त्यात शस्त्र कायद्याच्या २०१९ च्या दुरुस्तीने एका माणसाला तीनऐवजी दोनच हत्यारं केली. ज्यांच्याकडे तीन होती त्यांना एक सोडावं लागलं, आणि शौकीन लोकांचे दोन्ही कोटे भरलेले, मग तिसरं घेणार कसं. तेव्हा डॉलरचा आकडा विसरा.

रेंजवाला_काका
वकीलबाई, सगळं मान्य, पण म्हणून त्या डीलरला साधू ठरवू नका. मी या लोकांना चांगला ओळखतो, वारस आला की पहिला आकडा कायम पाडूनच सांगतात, त्यांना माहिती असतं की घरच्यांना कटकट नकोय. वर गोदामात ठेवायचं भाडं चालू आहे म्हणून घाई करतात. किरण, भाडं दर महिन्याला किती लागतंय ते आधी विचार, लेखी. आणि अजून दोन गन हाऊसवाल्यांना विचार, पण "किती द्याल" असं विचारू नकोस, "तुमच्याकडे असलं विकायला असतं तर किती सांगितलं असतं" असं विचार. दोन्ही आकड्यांमधलं अंतर बघितलं की कळतं.
अमेरिकेचं म्हणाल तर तिथे पण मागितलेला भाव आणि झालेला व्यवहार यात भरपूर फरक असतो, कोणीही काहीही मागेल. लिलावात संपलेले सौदे बघायचे, त्यावर लिलाववाल्याचं कमिशन वेगळं. शिवाय तिकडे १८९८ किंवा त्याआधीचं असेल तर त्यांच्या कायद्यात ते अँटिक, त्याला फेडरल कायद्याच्या बऱ्याच अटी लागत नाहीत, म्हणून जवळजवळ तसंच दिसणारं पीस एका वर्षाच्या फरकाने महाग होतं. तुझं काही तेवढं जुनं नाही. आणि वेब्लेचंच मोठं .४५५ चं मार्क ६ बघून तुलना करत असशील तर तिकडे कितीतरी जणांनी .४५ ऑटोची काडतुसं बसावीत म्हणून सिलिंडरची मागची बाजू घासलीये, तसलं घासलेलं स्वस्तात जातं आणि न घासलेलं महाग, पण फोटोत एकसारखंच दिसतं.

पेठ_टू_पिंपरी
जुन्या बाजारात विचारून बघा ना राव, तिथे घड्याळापासून तलवारीपर्यंत सगळं मिळतं 😄

अॅड_स्वाती
गंमत म्हणून सुद्धा नको. लायसन नसलेल्याला विकायला दाखवणं-देणं म्हणजे शस्त्र कायद्याखाली थेट गुन्हा. आणि "बिघडवून शोपीस करतो" हे पण स्वतः करू नका. कलम ४५ मध्ये सूट आहे ती जुन्या किंवा निकामी शस्त्रांना, जी दुरुस्त करूनसुद्धा चालणार नाहीत अशी. तुमचं चालू आहे. गल्लीतल्या वेल्डरने नळीत टाका मारला म्हणून ते त्यात बसत नाही.

किरण_कसबा
१४५/२०० चं कळलं, धन्यवाद 🙏 काल जाऊन बघितलं, नंबर तिन्हीकडे सेम आहेत, कडी घट्ट, नळीत थोडे खड्डे आहेत म्हणाला. होल्स्टरवर आजोबांचं नाव आहे, ते मी विकणार नाहीये. भाडं विचारलं तर कागद द्यायला टाळाटाळ. माझा मावसभाऊ नाशिकला रायफल शूटिंग करतो, त्याला हवंय म्हणतो, त्याच्या नावावर होईल का?

अॅड_स्वाती
आजोबा वडिलांकडचे असतील तर मावसभाऊ कायदेशीर वारस नाही. नियमांत मृत लायसनधारकाच्या वारसाला अर्ज करता येतो, म्हणजे तुमचे वडील किंवा आत्या-काका असतील तर ते, आणि बाकीच्या वारसांची ना-हरकत लागते. हे प्रोहिबिटेड बोअर आहे म्हणून वेळ लागेल, पण विकण्याआधी हा रस्ता बघा. भावाला शूटिंगसाठी हवं असेल तर त्याला या .३८ चा तसाही फार उपयोग नाही.

जुनंपानं
नंबर जुळतायत, कडी घट्ट आहे म्हणजे पीस चांगला. त्याला सांग खड्डे दाखव, फोटो काढून दे. जुनी काडतुसं वापरून नळी धुतली नाही की खड्डे पडतात, त्याने भाव कमी होतो हे खरं, पण हातात पडल्यावर पहिल्यांदा कोणी नळीत बघत नाही, बाहेरून बघतात. माझ्या मते .३८ ला ३० हजार लाजिरवाणे नाहीत, पण पहिल्या आकड्यावर हो म्हणायचं पण नाही. चाळीस मागा.

रेंजवाला_काका
पन्नास मागा, चाळीसवर या. आणि होल्स्टर देणार नाही हे आधीच सांगा, नाहीतर शेवटी त्याच्यावरून पाच हजार कापेल.