जिआंगहू म्हणजे नेमकं काय?

चिनी तलवारबाजीच्या कादंबऱ्या वाचतेय सध्या, त्यात दर दोन पानांवर जिआंगहू येतं. कुणी जिआंगहूत उतरतो, कुणी जिआंगहू सोडतो. हे गाव आहे, प्रांत आहे की अजून काही? मराठीत अंडरवर्ल्ड म्हटलं तर चालेल का?

—

गाव नाही आणि प्रांतही नाही, नकाशात शोधू नका. जिआंग म्हणजे नदी (यांगत्सीला तिकडे छांगजिआंग म्हणतात, त्यातलाच हा जिआंग) आणि हू म्हणजे तलाव, पण दोन्ही जोडले की अर्थ पार बदलतो. जुन्या लिखाणात हा शब्द दरबाराच्या उलट टोकाला यायचा, 1046 साली फान चोंगयान या अधिकारी-लेखकानं लिहिलंय की दरबारात मोठ्या पदावर असलो तर प्रजेची चिंता आणि लांब जिआंगहूत असलो तर राजाची. म्हणजे दरबारापासून लांबचं सगळं. कादंबऱ्यांत मग त्यात तलवारबाज, भटके साधू, भिकाऱ्यांची टोळी, पैसे घेऊन माल सुखरूप पोचवणारे, रस्त्यावर कसरती करणारे असे सगळे आले, आणि यांच्या गाठीभेटी कुठं तर खानावळीत.

अंडरवर्ल्ड मला अजिबात पटत नाही. हाँगकाँगच्या गँगवाल्या सिनेमात ठीक आहे, पण इथं शाओलिनचे भिक्षूही जिआंगहूतलेच, त्यांना कसं बसवणार त्यात? सरकारी कायदा चालत नसला तरी रीत कडक असते, गुरूचा मान, दिलेला शब्द, उपकाराची फेड, सूड. बाहेर पडायचीसुद्धा रीत आहे. कादंबरीकार जिन योंगच्या 'शियाओ आओ जिआंगहू' या कादंबरीत (1967-69) ल्यू झंगफंग सगळ्यांना बोलावून सोन्याच्या घंगाळात हात धुवायचा समारंभ ठेवतो, म्हणजे आजपासून तुमच्या भांडणांशी माझा संबंध संपला. हात पाण्यात घालणार तेवढ्यात दुसऱ्या पंथाची माणसं हुकमाचा झेंडा घेऊन दारात हजर, कारण काय तर याचा जिवलग मित्र शत्रूच्या गोटातला, आणि ते दोघं करतात काय तर एकत्र संगीत. त्यापायी त्याच्या डोळ्यांदेखत त्याच्या घरच्यांना मारतात. एवढं प्रकरण वाचा, जिआंगहू काय ते कळेल.

—

मग वुलिन पण तेच ना?

—

नाही, वुलिन म्हणजे फक्त लढणाऱ्यांचं वर्तुळ, जिआंगहूत रस्त्यावरचा औषधवालाही येतो. रोजच्या बोलण्यात, अनुभवानं मुरलेल्या माणसाला 'लाओ जिआंगहू' म्हणतात, तिथं आपलं 'बारा गावचं पाणी प्यायलेला' अगदी फिट्ट बसतं. पण अनुवाद करणार असाल तर मूळ शब्द तसाच ठेवा, पहिल्यांदा येईल तिथं खाली एक ओळ टीप दिली की झालं.