मदत हवी आहे: जंगलात आयुष्य गेलेल्या बाबांना पहिल्यांदा समुद्र दाखवायचा आहे. वेळास की मालवण?

नमस्कार मंडळी. आम्ही गोंदिया जिल्ह्यातले, अर्जुनी मोरगाव तालुक्यातल्या एका खेड्यातले. बाबा वनरक्षक होते, आता वय ६८. त्यांच्या काळात वाघ मोजायचे ते पंजावरून. पाणवठ्याजवळच्या ठशावर काच धरून रेषा उतरवायची, प्लास्टर ओतून साचा घ्यायचा. निवृत्त होऊन दहा वर्षं झाली तरी धानाच्या बांधीवरून चालताना त्यांची नजर जमिनीवरच असते. रात्री रानडुकरं कुठून आली, किती होती, पिल्लं सोबत होती का, हे सगळं ते चहाच्या आधी सांगतात.

त्यांनी समुद्र पाहिलेला नाही. दरवर्षी मी विषय काढला की म्हणायचे, "पानी तं आपल्या बोडीतबी हाये. तेवढ्या दूर जाऊन का पाहाचं?" या दिवाळीत माझ्या मुलीने (वय ९) त्यांना कोकणातल्या कासवांबद्दल वाचून दाखवलं. तेव्हा ते पहिल्यांदा सावरून बसले आणि विचारलं, "कासवीन रेतीवर येते मंते, तं तिचा माग दिसत असन ना?" तेवढ्यावर मी सहल पक्की केली.

दोन वर्षांपूर्वी मी, बायको आणि मुलगी एका टूरवाल्याबरोबर कोकणात जाऊन आलो. चार दिवसांत सहा किनारे. प्रत्येक ठिकाणी पाऊण तास, फोटो, आणि बसचा हॉर्न. मुलगी एका खेकड्याच्या बिळाशी बसून तो बाहेर यायची वाट पाहत होती, तिला तिथून उठवून आणावं लागलं. ती गोष्ट मला अजून लागते. बाबांना तसं न्यायचं नाही. जंगलात ते एका जागी दोन तास बसू शकतात, तर किनाऱ्यावरही तसंच बसता यावं.

म्हणून विचारतो. किनारा वाचायचा कसा? आमच्याकडे पहाट आणि सांज या जनावरांच्या वेळा, तिथे काय बघून निघायचं? मार्च महिना बरा का? मुलीची परीक्षा एप्रिलात आहे आणि उन्हाळी धान माझा भाऊ पाहील, त्यामुळे पाच-सहा दिवस मोकळे काढता येतील. बाबांचे गुडघे दुखतात. सपाट जमिनीवर चालतात, पण चढ-उतार आणि निसरडे खडक जमणार नाहीत. रात्रीच्या प्रवासाचं काही नाही, नागपूरहून मुंबईकडे आणि पुढे कोकण रेल्वेने खेडपर्यंत येऊ. आणि पाण्यात किंवा रेतीत विषारी काय असतं तेही सांगा. सापांचं आम्हाला कळतं, समुद्राचं काहीच कळत नाही.

प्रतिसाद

दादा, मी दापोली तालुक्यातला. आधी दोनांतलं एक ठरवा. मालवणला जाऊन परत वेळास म्हणजे एक अख्खा दिवस गाडीत. मालवणचं सागरी अभयारण्य १९८७ चं आहे, तिथलं वैभव पाण्याखाली आहे. प्रवाळ बघायला होडीतून जाऊन पाण्यात उतरावं लागतं. तुमच्या बाबांसाठी वेळास किंवा आंजर्ले. तिथे सगळं वाळूवर लिहिलेलं असतं.

वेळासला कासवांचं काम २००२ पासून चाललंय. चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने गावकऱ्यांना धरून ते सुरू केलं. ऑलिव्ह रिडले या समुद्री कासवाची मादी साधारण नोव्हेंबर ते मार्चमध्ये रात्री वर येते, वाळूत खड्डा करून शंभरेक अंडी घालते आणि परत जाते. पूर्वी ती अंडी माणसं न्यायची, उरली तर कोल्हे आणि कुत्री उकरायची. आता कासवमित्र पहाटे किनारा फिरतात, माग बघून घरटं शोधतात आणि अंडी कुंपणातल्या जागेत तशाच खोलीवर पुरतात. म्हणजे तुमच्या बाबांचंच काम! दीड-दोन महिन्यांनी पिल्लं निघतात. ती सकाळी आणि संध्याकाळी वाळूवर सोडतात, पाण्यापर्यंत त्यांची ती चालत जातात. पिल्लं पाहायला मार्च चांगला. पण निघतीलच असं कोणी लिहून देणार नाही, म्हणून तीन रात्री तरी मुक्काम ठेवा. गावात घरगुती राहायची सोय होते. निघण्याआधी फोन करून घरट्यांची स्थिती विचारा.

मागाबद्दल सांगतो. रिडले मादी वल्ह्यासारखे पाय उजवा-डावा असे आळीपाळीने टाकत चालते, त्यामुळे ठसे दोन्ही बाजूंना समोरासमोर न येता एकाआड एक पडतात. येतानाचा आणि जातानाचा असे दोन माग असतात. बाबांना ते बघताक्षणी कळेल. आणि कोल्ह्याचा माग तर त्यांच्या ओळखीचाच.

आता वेळ. आमच्याकडे घड्याळाआधी तिथी बघतात. तिथीची पाऊणपट करा, साधारण तितक्या वाजता पूर्ण भरती. अष्टमीला सहा वाजता, पौर्णिमा-अमावास्येला सव्वाअकरा-बाराच्या सुमाराला. त्याच्या सहा तास अलीकडे-पलीकडे ओहोटी. रोज हे गणित पाऊण तासाने पुढे सरकतं. पौर्णिमा-अमावास्येच्या आसपास उधाण, म्हणजे पाणी सगळ्यात जास्त चढतं आणि सगळ्यात दूर जातं. म्हणून अमावास्येला पहाटे सहाच्या सुमाराला किनारा सगळ्यात मोठा उघडा असतो. तुमची पहाटेची सवय तिथे कामी येईल.

होळी पौर्णिमेला येऊ नका. शिमग्यात मुंबईचे चाकरमानी गावी येतात, गाड्या भरलेल्या असतात आणि घरोघरी पालख्या फिरत असतात. (पालखी बघायलाच आलात तर गोष्ट वेगळी, ते एकदा बघावंच.) गुढीपाडव्याच्या आधीची अमावास्या धरा.

प्रतिसाद

ताई म्हणून एक सांगते, माझं माहेर हरिहरेश्वरकडचं. मुलीला ओल्या वाळूवरच्या बारीक गोळ्यांची नक्षी दाखवा. वाटाण्याहून लहान खेकडे वाळूतलं अन्न चाखून उरलेल्या वाळूच्या गोळ्या करून टाकतात, बिळाभोवती रांगोळीसारख्या. पुढची भरती ती पुसते. बिळापासून चार-पाच हात लांब, न हलता बसलं की पाच मिनिटांत सगळे बाहेर येतात. बाबा नातीला घेऊन बसतील. खाडीच्या चिखलात निवट्या दिसतील, हा मासा पाण्याबाहेर उड्या मारतो. कांदळवन लांबूनच बघा, आत पाय रुततात. वर बघितलंत तर पांढऱ्या पोटाचा समुद्रगरुड दिसेल.

विषारी म्हणाल तर: उथळ पाण्यात पाय उचलून टाकू नका, घासत चाला. पाकट वाळूत दडून असतो, त्याच्या शेपटीला काटा असतो, घासत गेलं की तो आधीच निघून जातो. निमुळता, नक्षीचा जिवंत शंख हातात घेऊ नये, काही जाती डंख करतात. किनाऱ्यावर पडलेल्या जेलीफिशला मेलेली समजून हात लावू नये. जाळ्यातून फेकलेला सापही नाही, समुद्रातले साप विषारी असतात. रात्री किनाऱ्यावर टॉर्च मारत फिरू नका, उजेड बघून मादी माघारी फिरते.

मूळ धागाकर्ता

खूप आभार. वेळास पक्कं, अमावास्येच्या आदल्या दिवशी पोहोचतो. बाबांना सगळं वाचून दाखवलं. त्यांनी कॅलेंडर काढून प्रत्येक तिथीसमोर पेन्सिलने भरतीची वेळ लिहिली आहे. पाऊणपटीचा हिशोब त्यांना इतका आवडला की संध्याकाळी शेजारच्या काकांनाही समजावत होते.

आता शेवटची शंका, ही त्यांचीच आहे. त्यांनी ट्रंकेतून जुनी पत्र्याची चौकट काढली आहे आणि दोन किलो प्लास्टर सोबत घ्यायचं म्हणतात. कोल्ह्याचा किंवा एखाद्या पक्ष्याचा ठसा घ्यायला कोणाची हरकत नसावी. पण मादीचा माग मिळाला, तर कासवमित्रांची नोंद झाल्यावर त्यातल्या एका वल्ह्याचा साचा घेऊ देतील का? आणि खारट ओल्या वाळूत प्लास्टर नीट धरतं का? तलावाच्या गाळात त्यांनी शेकड्याने साचे घेतले आहेत, समुद्राच्या वाळूवर एकही नाही. कोणी केलं असेल तर कृपया कळवा.