पानशेतच्या बॅकवॉटरला व्हॅन लावायचीय, सांडपाण्याचं काय करायचं?

कोथरूडची_ईको: नमस्कार मंडळी, आम्ही दोघं आणि पाच वर्षांची लेक. जुन्या ईको व्हॅनची मागची सीट काढून फळ्यांचा बेड केलाय, वीस लिटरचा पाण्याचा कॅन, छोटं सिंक आणि पोर्टेबल टॉयलेटपण घेतलंय. दिवाळीनंतर पानशेत धरणाच्या मागच्या बाजूला एक रात्र राहायचा विचार आहे. भांड्यांचं साबणाचं पाणी कुठे टाकता? टॉयलेटची टाकी? शेकोटी केली तर चालते का? मागे एका तलावावर टेंटमध्ये राहिलो होतो, सकाळी काठावर बाटल्यांच्या काचा आणि डायपर बघून लेकीला पाण्याजवळ सोडवेना, तसलं आपल्या हातून व्हायला नको म्हणून विचारतोय.

भटकी_व्हॅन: टाकायचं नाही, घरी आणायचं. सिंकच्या पाइपखाली झाकणाचा दहा लिटरचा कॅन ठेवा आणि घरी येऊन मोरीत ओता. पानशेतचं पाणी खडकवासल्यात येतं आणि तिथून आपल्याच नळाला, एवढं डोक्यात राहिलं की बास. बायोडिग्रेडेबल साबण आहे म्हणून लोक बिनधास्त काठावर भांडी घासतात, पण तो साबणसुद्धा मातीत कुजतो, थेट पाण्यात नाही चालत. मी ताटं आधी भाकरीच्या तुकड्यानं पुसून घेते, तो तुकडा पोटात जातो आणि मग दोन मग पाण्यात सगळी भांडी निघतात. टॉयलेटची टाकी घरच्या कमोडमधेच रिकामी करा. त्यात फॉर्मल्डिहाइडवालं निळं लिक्विड मात्र घालू नका, कधी गावातल्या कुणाच्या संडासात ओतायची वेळ आली तर त्यांच्या सेप्टिक टँकमधले जिवाणू मरतात.

वेल्ह्याकडचा: आमचं गाव बॅकवॉटरलाच आहे म्हणून सांगतो. काठावरची जागा तुम्हाला मोकळी दिसते पण पाणी उतरलं की आम्ही तिथं गाळपेर करतो, म्हणजे उघड्या पडलेल्या गाळात हरभरा पेरतो, त्यात गाडी घातली की चाकोरीत माती दगडासारखी घट्ट होती. गेल्या साली आमच्या म्हशीच्या खुरात बाटलीची काच गेली, महिनाभर लंगडत होती, दूध आटलं. तेव्हा आधी गावात या, पोलीस पाटलाला सांगा, देवळाजवळ सपाट जागा आहे तिथं गाडी लावा, जेवण कुणाच्याही घरी होईल, पिठलं-भाकरी, त्याचे पैसे द्या म्हणजे झालं. शेकोटी नको दादा. दिवाळीनंतर गवत वाळायला लागतं, एक ठिणगी उडाली की वणवा सगळा डोंगर खातो आणि मग गुरांना चारा कुठनं आणायचा?

माळरानवाली: वेल्ह्याच्या दादांना अनुमोदन. सासवड-सुप्याकडे जाणाऱ्यांसाठीपण लिहिते, माळ ओसाड नसतो हो! टिटवी, चंडोल जमिनीवरच घरटं करतात. एप्रिलमधे मला टिटवीची चार अंडी दिसली, अगदी खड्यांच्या रंगाची, आणि टायरचा ताजा वळ त्यांच्यापासून जेमतेम वीतभर. रस्ता सोडून गाडी घालूच नका. आणि मयूरेश्वर, ताम्हिणी, भीमाशंकर ही अभयारण्यं आहेत, १९७२ च्या वन्यजीव कायद्यामुळे तिथे वनखात्याच्या परवानगीशिवाय मुक्काम करता येत नाही. मे-जूनला काजवे बघायला जाल तेव्हा हेडलाइट, व्हॅनच्या त्या रंगीत माळा सगळं बंद ठेवा, काजव्याचा उजेड म्हणजे जोडीदाराला मारलेली हाक असते, आपल्या लाइटमधे ती दिसतच नाही.

कोथरूडची_ईको: खूप आभार सगळ्यांचे. कॅन उद्याच बोहरी आळीतून आणतो, शेकोटी कॅन्सल. गाळपेराचं खरंच माहीत नव्हतं, आम्ही मॅपवर नेमकी तशीच काठावरची मोकळी जागा हेरून ठेवली होती. दादा, पाटलांना आधी फोन करावा लागतो की थेट आलो तरी चालेल?

वेल्ह्याकडचा: थेट या, फक्त दिवस मावळायच्या आत या. लेकीसाठी स्वेटर आणा, पाण्याकडनं पहाटे लई गार वारं येतं.