चर्चच्या ब्रास बँडमध्ये बाहेरचे वादक घ्यावेत का?

बेसवाला (धागाकर्ता)
आमच्या बँडमध्ये सध्या हाच वाद पेटलाय. कॉर्नेटची (ट्रम्पेटसारखं छोटं पितळी वाद्य) रांग रोडावली आहे, तेव्हा मंडळीत, म्हणजे चर्चच्या उपासकांत, न येणारे पण उत्तम वाजवणारे लोक घ्या, असं निम्म्यांचं म्हणणं. माझं मत: घेऊ नयेत.

चर्चचा बँड ही सेवा आहे. १८७८ साली इंग्लंडमधल्या सॉल्सबरीत मुक्तिफौजेच्या (साल्वेशन आर्मी ही ख्रिस्ती संघटना) रस्त्यावरच्या सभांवर टवाळखोर तुटून पडायचे. वक्त्यांना सांभाळायला चार्ल्स फ्राय आणि त्याचे तीन मुलगे उभे राहिले आणि सोबत पितळी वाद्यं घेऊन आले. तिथून हे सगळं सुरू झालं. पुढे फौजेचा संस्थापक विल्यम बूथ याने नियमच घातला की बँडमध्ये फक्त फौजेचेच लोक वाजवतील आणि कोणाला छदामही मिळणार नाही. कारण उघड आहे. 'प्रभू माझा मेंढपाळ' वाजवणाऱ्याला ते निदान खरं वाटायला हवं. नाहीतर आपल्यात आणि वरातीच्या बँडात फरक काय?

मधलं_कडवं
फ्रायचं उदाहरण तुमच्यावरच उलटतंय. तो मूळचा मेथडिस्ट, म्हणजे दुसऱ्याच पंथाचा, तिथल्या गायनवृंदाचा प्रमुख, धंद्याने बांधकामवाला. बँड आधी आला, नियमावली मागाहून. आधी नियम असता तर त्या चौघांना 'आधी नाव नोंदवा' म्हणून परत पाठवलं असतं.

आणि वरातीच्या बँडाला नावं कशाला ठेवता? भर उन्हात चालत तासन्तास वाजवून दाखवा, मग बोलू.

ट्रॉम्बोन_मागची_रांग
बेसवाला यांना +१. बाहेरचा माणूस येतो तो वाजवायला. उपदेश सुरू झाला की मोबाइल काढतो. पहिल्या बाकांवरून ते सगळ्यांना दिसतं.

ताल_धरा
मोबाइल आमचे विश्वासीही काढतात हो!

मी बँड चालवतो, म्हणून जरा वेगळं बोलतो. विश्वास तपासण्याआधी वाजवणं तपासा. मंडळी गाते तेव्हा बँडचं काम साथीचं. बहुतेक वादक श्वास घेतात मात्रा मोजून, आणि गाणारा घेतो शब्द संपल्यावर. ओळीचा अर्थ पुढच्या ओळीत जात असेल तिथे बँड थांबला की गाणारे अडखळतात. म्हणून मी सुरावटीच्या कागदावर पेन्सिलीने गीताचे शब्द लिहायला लावतो. पाचही कडवी एकाच जोरात वाजवायची नाहीत. दुःखाच्या कडव्याला कॉर्नेट गप्प, फक्त हॉर्न, युफोनियम आणि बेस ही खालच्या सुरांची पितळी वाद्यं. आठ कॉर्नेट मोकळे सुटले तर चाळीस म्हाताऱ्यांचा आवाज बुडालाच म्हणून समजा. थंडीत बाहेर वाजवायचं तर पितळ गार पडून सूर उतरतो. मधेमधे नळीत नुसती फुंकर मारून वाद्य ऊबदार ठेवावं लागतं.

हे सगळं ऐकणारा अविश्वासी मला चालेल. 'मी प्रभूसाठी वाजवतो' म्हणत बेसूर वाजवणारा मात्र डोक्याला ताप असतो.

बेसवाला
@ताल_धरा, शब्द लिहायला लावता हे पटलं. पण तोच माझा मुद्दा आहे. शब्द लिहून घेता, कारण अर्थ कळल्याशिवाय नीट वाजत नाही. मग अर्थ नुसता कळलेला आणि मानलेला, यात काहीच अंतर नाही?

ताल_धरा
अंतर आहे. कानाला ऐकू येत नाही, एवढंच.

घंटाघर
थोडं युरोपातलं. मोरेव्हियन या जुन्या प्रोटेस्टंट पंथाच्या मंडळीत ट्रॉम्बोनची (सरकत्या नळीचं पितळी वाद्य) जुनी परंपरा आहे. कोणी वारलं की ट्रॉम्बोनवर ठरलेल्या चाली वाजवून कळवायचे, आणि चालीवरूनच समजायचं की गेलेली व्यक्ती विवाहित होती, अविवाहित की मूल. जर्मनीतल्या प्रोटेस्टंट चर्चमध्ये १९व्या शतकात असेच वाद्यवृंद गावोगाव उभे राहिले. योहानेस कूलो या पाळकाने त्यांना वळण लावलं. त्याचा आग्रह असा की पितळाने माणसासारखं गावं. स्वरलेखनही असं ठेवलं की वादकाने चर्चचंच गीतपुस्तक समोर धरून थेट वाजवावं, वेगळी प्रत नको. म्हणजे बँड आणि मंडळी एकाच पानावर, शब्दशः.

ट्रॉम्बोन_मागची_रांग
ते सगळे मंडळीचेच लोक होते, एवढं सांगायचं राहिलं.

गिटारवाला_नवा
मुळात पितळच कशाला? तेव्हा माइक नव्हता. आता आहे. तरुणांना गिटार आणि ड्रम्स द्या, रांग आपोआप भरेल.

बेसवाला
दफनभूमीत, इस्पितळाच्या आवारात, ईस्टरच्या पहाटे उघड्यावर तुमचा स्पीकर कुठे लावणार? आम्ही वाद्य उचलतो आणि चालू लागतो.

शिकाऊंची_ताई
मी मुलांना शिकवते. मूळ प्रश्नाकडे येते.

ब्रास बँडची सोय अशी की बेस ट्रॉम्बोन सोडला तर जवळजवळ सगळ्यांची सुरावट एकाच पद्धतीने लिहिलेली असते. कॉर्नेट शिकलेल्या मुलाला टेनर हॉर्न दिला तरी तीन पिस्टनवरची (बोटाने दाबायच्या कळा) बोटं तीच राहतात. ओठांची बसवण बदलावी लागते, बाकी फारसं नाही. म्हणून नऊ वर्षांचं पोर कॉर्नेटवर सुरू होतं आणि उंची वाढली की बेसवर जातं. वाद्य बहुधा बँडचंच, घरी न्यायला मिळतं.

आता हेच पोर सोळाव्या वर्षी म्हणालं, 'मला देव आहे असं वाटत नाही,' तर बेसवाला, तुम्ही काय करणार? हॉर्न काढून घेणार?

बेसवाला
नाही. ते आपलं पोर आहे. त्याला वाजवू द्यायचं, वाट बघायची.

शिकाऊंची_ताई
म्हणजे तुमची रेघ विश्वासाची नाहीच, ओळखीची आहे. ओळखीच्या अविश्वासी माणसाला जागा, अनोळखी असला तर दार बंद. हे एकदा उघड म्हणा, मग पुढचं बोलू.

बेसवाला
पूर्ण बरोबर नाही. पोराने शब्द लहानपणापासून ऐकलेत, त्याची आजी तिसऱ्या बाकावर बसते. बाहेरच्याला आमच्याशी बांधणारं काही नाही.

मधलं_कडवं
दर आठवड्याला दोन तास सराव, सुरुवातीला प्रार्थना, शेवटी एक गीत. असं वर्षभर आला तरी बांधला जाणार नाही?

बेसवाला
सरावाला येऊ दे. ख्रिसमसला रस्त्यावर वाजवू दे. रविवारच्या उपासनेत नाही.

ताल_धरा
पण दुसरा कॉर्नेट मला रविवारीच हवा आहे.